शाळा-कॉलेजच्या लेकरांना एक दिवस आपल्या कामावर सोबत ठेवायचं असेल तर काय काय करावं लागतं

आमची लातूरच्या एमआयडीसीत डाळ मिल आहे. तूर जास्त, हरभरा थोडा. मी तिथं ऑफिस, क्वालिटी आणि लायसन्सचे कागद बघते. गेली चार वर्षं आम्ही नववी ते बारावीच्या लेकरांना एकेक दिवस मिलमध्ये बोलवायलोत, शाळावाले त्याला जॉब शॅडोइंग म्हणतात आणि आमचे हमाल मामा नुसतं "आज सावली आली का" असं विचारतात. ओळखीच्या दोन-तीन जणांनी, एकाचं गॅरेज आहे, एकीची पॅथॉलॉजी लॅब आहे, विचारलं की आम्हालाही करायचंय पण सुरुवात कुठून करायची, म्हणून जे जमलं आणि जे चुकलं ते सगळं एकदाच लिहून काढते. लांब होणार आहे, पण खरंच करायचं असेल तर शेवटपर्यंत वाचा.

आधी हे का करावं ते सांगते. लातुरात जून लागला की खोल्यांची भाडी वाढतात, मेसच्या पाट्या लागतात, नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून लेकरं नीट आणि जेईईच्या क्लासला येतात. त्यात वाईट काही नाही, त्या क्लासच्या जोरावर किती शेतकऱ्यांच्या घरात पहिला डॉक्टर झालाय. पण याच लेकरांना विचारा की तुझ्या वडलांनी यार्डात घातलेल्या तुरीचं पुढं काय होतं, तिचा भाव कमी का लागला, ती डाळ होऊन दुकानात कशी येते, की बहुतेक जण गप्प होतात. तूर घरची, मिल घरापासून वीस किलोमीटरवर, आणि मधलं सगळं अंधारात. आई-बाप सोडून दुसरं कोणी दिवसभर काम कसं करतं हे त्यांनी जवळून बघितलेलंच नसतं, मग डॉक्टर आणि इंजिनियर सोडून तिसरं नाव त्यांच्या तोंडात येणार कुठून?

फिरवून आणणं म्हणजे शॅडोइंग नाही

आमचं पहिल्या वर्षी इथंच चुकलं. एका शाळेनं फोन केला, मुलं मिल बघायला आणू का, आम्ही हो म्हणलं. एका बसमधून चाळीस लेकरं उतरली, फेब्रुवारीचा महिना, तुरीच्या गाड्या लायनीत उभ्या. मशीनच्या आवाजात पुढच्या पाच जणांना माझं बोलणं ऐकू गेलं, मागची पस्तीस एकमेकांना टपल्या मारत उभी राहिली, एक मुलगा माल वर चढवणाऱ्या एलिव्हेटरच्या पट्ट्याजवळ हात घालायला गेला तो आमच्या ऑपरेटरनं ओढून बाजूला घेतला म्हणून वाचला. पाऊण तासात फोटो काढून बस गेली. त्या रात्री मला झोप लागली नाही, तो हात डोळ्यापुढून हलेना.

तेव्हा ठरवलं की सहल नको. शॅडोइंग म्हणजे एक लेकरू, एक माणूस, एक दिवस. ज्याच्यासोबत ते आलंय त्याच्या मागं मागं राहायचं, तो काय बघतो, कुठं थांबतो, कशावरून ठरवतो, कोणाला फोन करतो, कशाला वैतागतो, हे बघायचं. मशीन दाखवणं दुय्यम आहे, मशीन यूट्यूबवरही दिसतं. पण ट्रकमधला माल बघून आमचे खरेदीवाले काका "हा नको" असं दोन सेकंदात कशावरून म्हणतात ते यूट्यूबवर कळत नाही.

आम्ही एका दिवसाला जास्तीत जास्त तीन लेकरं घेतो, तिघं तीन वेगळ्या माणसांसोबत. चौथं आलं तर दुसऱ्या दिवशी. शाळा आग्रह करते, "मॅडम अजून दोन घ्या ना", तेव्हा नाही म्हणता आलं पाहिजे.

कधी बोलवायचं

ज्या महिन्यात तुमची माणसं श्वास घ्यायला मोकळी नसतात तो महिना सोडा. आमच्याकडं जानेवारी ते मार्च नव्या तुरीचा हंगाम, तेव्हा अजिबात नको, आणि लेकरांच्याही बोर्डाच्या परीक्षा त्याच दिवसात असतात. दिवाळीची सुट्टी संपल्यापासून डिसेंबर मध्यापर्यंतचा काळ आम्हाला सगळ्यात बरा पडतो. जुलै-ऑगस्टमध्ये पण करता येतं, पण पावसात ऊन नसतं म्हणून वाळवणीचं काम बघायला मिळत नाही, सगळं ड्रायरवर चालतं.

पण अगदी रिकामा दिवस पण नको, मिल बंद आणि सगळे चहा पीत बसलेत असं असलं तर लेकरू काय बघणार. मध्यम गर्दीचा दिवस निवडा. वार ठरवताना गाडी कधी लागते, माल कधी येतो, हे आपल्या माणसांना विचारा, ऑफिसात बसून कॅलेंडर बघून ठरवू नका.

शाळेशी काय बोलायचं

2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी 10 दिवस दप्तराविना आहेत, गावातल्या सुतार, कुंभार, माळी अशा कारागिरांकडं शिकायला जायचं म्हणून. त्यामुळं हल्ली मुख्याध्यापकांना हा विषय नवा वाटत नाही, तुम्ही गेलात तर ऐकून घेतात. पण आमचा अनुभव असा की आठवीपर्यंतची लेकरं शिक्षकांसोबत अर्धा दिवस आली तर ठीक, पूर्ण दिवस एका माणसामागं राहायचं तर नववीच्या पुढची घ्या.

शाळेला पाठवायचा मेसेज आम्ही एकदा बनवून ठेवलाय, त्यातलं महत्त्वाचं एवढंच: कोणत्या तारखेला किती मुलं, किती वाजता यायचं आणि किती वाजता सोडणार, मुलं काय करणार आणि काय करणार नाहीत, काय घालून यायचं, जेवणाचं काय, आमच्याकडून जबाबदार माणूस कोण, आणि शाळेकडून दिवसभर फोन उचलणारे शिक्षक कोण. हे शेवटचं विसरू नका. एकदा एका मुलाला दुपारी ताप भरला आणि शिक्षकांचा फोन दोन तास बंद, घरच्यांचा नंबर आमच्याकडं नव्हता. तेव्हापासून आई-वडलांपैकी एकाचा नंबर माझ्या वहीत असल्याशिवाय गेटच्या आत घेत नाही.

आणि मुलं निवडताना शाळेला एक सांगा, नुसते पहिल्या बाकावरचे हुशार पाठवू नका. आमच्याकडं आलेल्यांपैकी सगळ्यात जास्त प्रश्न एका अशा मुलानं विचारले ज्याला सरांनी "ह्याला काय कळणार" म्हणून शेवटी घातलं होतं. घरी पंप दुरुस्त करायची सवय होती त्याला, मोटारीचा आवाज ऐकून "बेअरिंग गेलंय का हो" विचारलं, आणि खरंच गेलं होतं.

कायदा आणि कागद, हे टाळू नका

1986 चा बालकामगार कायदा, त्यात 2016 ला बदल झाला, त्याप्रमाणे 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावता येत नाही आणि 14 ते 18 मधल्याला धोकादायक कामावर लावता येत नाही. शॅडोइंगचं लेकरू कामाला आलेलंच नसतं, ते बघायला आलेलं असतं, आणि ही रेघ दिवसभर पुसट होऊ द्यायची नाही. "जरा तो कट्टा उचल", "जरा झाडून घे", "जरा शिलाई मार" असं प्रेमानं पण कोणी म्हणायचं नाही. आमच्याकडं नियम एका वाक्यात आहे: हात लावायचा तो नमुन्याला, मशीनला आणि पोत्याला नाही.

पैसे देऊ नका. शंभर-दोनशे हातावर टेकवावेत असं वाटतं, मलाही वाटायचं, पण मग ती मजुरी दिसते. जेवण द्या, चहा द्या, एसटीचं भाडं द्या.

पालकांची सही असलेलं संमतीपत्र मराठीत घ्या आणि त्यात खरं लिहा, धूळ असते, आवाज असतो, चालू मशीन असतात. दमा आहे का, कसली ॲलर्जी आहे का, फिट येते का, हे विचारा. आमच्या मिलमध्ये दम्याच्या लेकराला आत नेत नाही, त्याला ऑफिस आणि लॅब दाखवतो. शाळेचा मुलांसाठी विमा आहे का ते विचारून घ्या, आणि तुमचा कारखाना म्हणून परवाना असेल तर तुमचा सेफ्टीचा सल्लागार किंवा औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या ऑफिसला आधी एकदा विचारा, मग तारीख पक्की करा.

आता जे बोलायला लोक लाजतात ते. 18 वर्षांखालचं लेकरू आपल्या दारात आलं की त्याची जबाबदारी आपली, आणि 2012 चा पॉक्सो, म्हणजे लेकरांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा आपल्या सगळ्या माणसांना माहीत असला पाहिजे. आम्ही आदल्या दिवशी सगळ्यांना एकत्र बसवून सांगतो: लेकरासोबत बंद खोलीत एकट्यानं थांबायचं नाही, गोदामाच्या मागच्या बाजूला एकट्याला न्यायचं नाही, गाडीवर बसवून सोडायला जायचं नाही, त्याचा नंबर घ्यायचा नाही आणि आपला द्यायचा नाही, चेष्टेत पण अंगाला हात लावायचा नाही. मुली येणार असतील तर दिवसभर एक बाई हजर पाहिजेच, आमच्याकडं निवडणीच्या मावशी आणि मी असते. लेडीज टॉयलेटला आतून कडी नीट लागते का ते मी स्वतः जाऊन बघते. 1098 हा लेकरांच्या मदतीचा, चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, 108 ॲम्ब्युलन्स, 112 बाकी सगळ्याला, हे तिन्ही ऑफिसच्या दारावर चिकटवलेत. फोटोचंही तसंच, पालकांनी लिहून दिल्याशिवाय लेकराचा चेहरा स्टेटसला नाही, मालकाच्याही नाही.

कोणाच्या मागं सोपवायचं

सगळ्या खटाटोपात हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे, दिवस चांगला जाणार की वाया जाणार ते इथंच ठरतं.

पहिल्यांदा आम्ही सुपरवायझरला सांगितलं कारण तो शिकलेला, बोलका. त्यानं सकाळी एक तास भाषण दिलं आणि मग लेकराला खुर्चीवर बसवून स्वतः कामाला निघून गेला. चूक त्याची नव्हती, त्याला वाटलं माहिती द्यायची म्हणजे झालं. दुसऱ्या वेळी आम्ही खरेदीवाल्या काकांना विचारलं, ते आधी नाहीच म्हणाले, "मला शिकवता येत नाही ताई, मी सातवी". मी म्हणलं, शिकवू नका काका, फक्त मनात जे चाललंय ते तोंडानं बोला. बस, तेवढ्यावर जमलं.

आपल्या माणसाला हीच एक गोष्ट सांगा. नेहमी जे मुकाट्यानं करता ते त्या दिवशी बोलत बोलत करा. "आता मी हे पोतं उघडतोय कारण वरचा माल चांगला आणि खालचा ओला असं करतात लोक", "आता मी याला फोन लावतोय कारण गाडी अकराला यायची होती", असं. आपल्याला वाटतं ह्यात सांगण्यासारखं काय आहे, लेकराला तेच पाहिजे असतं.

माणूस निवडताना तीन गोष्टी बघते मी. त्याला स्वतःच्या कामाचा अभिमान आहे का, त्याला प्रश्नाचा राग येतो का, आणि त्या दिवशी त्याच्या कामात ठरवण्यासारखं काही आहे का. दिवसभर एकच बटण दाबणाऱ्या माणसामागं लेकरू दुपारपर्यंत कंटाळतं, आणि मग ते इकडं तिकडं फिरायला लागतं, धोका तिथं सुरू होतो. आणि त्या माणसाचं त्या दिवसाचं काम थोडं कमी धरा. प्रश्नांमुळं वेळ जाणारच, वरून "आज माल कमी का निघाला" म्हणून त्यालाच बोललात तर पुढच्या वेळी कोणी हो म्हणणार नाही.

आदल्या दिवशी मिल कशी तयार करायची

मी मशीन चालू असताना लेकराच्या उंचीनं, म्हणजे जरा वाकून, पूर्ण रस्ता चालून बघते. आपल्या डोळ्याच्या वर असलेलं त्यांच्या डोळ्यासमोर असतं, आणि गुडघ्याजवळचा पट्टा आपल्याला सवयीनं दिसत नाही. पट्ट्यांवरच्या जाळ्या लागलेल्या आहेत का, खड्ड्यावर झाकण आहे का, वायर लोंबत नाही ना. मग जमिनीवर पिवळ्या पट्टीनं रेघ मारतो, रेघेच्या आत लेकरानं जायचं नाही. ट्रक रिव्हर्स येतो त्या जागेत तर कोणीच नाही, ड्रायव्हरला मागं उभं असलेलं लेकरू दिसत नाही.

कपड्यांचं शाळेला आधीच कळवा. ओढणी नको, नाहीतर पिनअप करून आत खोचलेली, मोकळे केस नको, बांगड्या, कडं, गळ्यातलं लोंबतं काही नको, सॅंडल-चप्पल नको, बूट पाहिजे. डाळ हा खायचा माल, अन्नसुरक्षेचं एफएसएसएआयचं लायसन्स आहे आपलं, म्हणून टोपी सगळ्यांनाच. एन95 मास्क आम्ही देतो, कारण तुरीच्या टरफलाची धूळ बारीक असते, पहिल्या तासातच घसा धरतो. शेजारच्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं अशा जागी कानात प्लग. आणि काडीपेटी, लायटर गेटवर काढून घ्या, लेकरांचेच नाही, सगळ्यांचे, हवेत धूळ भरलेली असते तेव्हा ती पेट घेऊ शकते.

त्या दिवशी काय होतं

लेकरं साडेनऊला येतात, सातला बोलवू नका, गावाकडून पहिल्या एसटीनं येणारं लेकरू उपाशी येतं. आधी पोहे-चहा. मग अर्ध्या तासात मी तिघांना धोक्याच्या जागा दाखवते, बंद करायचं लाल बटण कुठंय ते दाखवते, आणि प्रत्येकाकडून परत वदवून घेते, "रेघेच्या आत जाशील का? मशीन अडकलं तर हात घालशील का? कोणाला हाक मारशील?" मान हलवली म्हणजे कळलं असं धरत नाही, तोंडानं सांगायला लावते.

मग एकदा सगळे मिळून तुरीसोबत चालतो, गाडी रिकामी होते तिथून सुरू. चाळणी, खडे काढायचं मशीन, मग रोलर, जिथं दाण्याचं वरचं टरफल खरवडतं, मग तेला-पाण्याचा हात, मग वाळवण, मग दाणा फोडून डाळ करणं, ग्रेडिंग, शेवटी सॉर्टेक्स आणि कट्टा. सॉर्टेक्सपाशी सगळी लेकरं थांबतात, कॅमेरा दाणा बघतो आणि काळा दिसला की हवेच्या फुंकरीनं बाजूला उडवतो. तिथं मी मुद्दाम विचारते, काळा दाणा आला कुठून? मग उलटं मागं जात जात पाऊस, शेत, साठवण इथंपर्यंत जातो. एक क्विंटल तुरीतून सत्तर किलोच्या आसपास, चांगला माल असला तर थोडी वर डाळ निघते, बाकी चुनी म्हणजे बारीक तुकडे आणि टरफल जनावरांना जातं, हे ऐकून शेतकऱ्याची लेकरं लगेच हिशोब करायला लागतात. त्यांना हमीभाव माहीत असतो, 2025-26 चा तुरीचा क्विंटलला 8,000 रुपये. मग तो आणि डाळीचा दुकानातला भाव याच्यात कोण कोण बसलंय हे ते स्वतःच मोजतात, मला काही सांगावं लागत नाही.

साडेदहानंतर प्रत्येकजण आपापल्या माणसाकडं जातो. आणि इथं प्रत्येकाच्या हातात एक काम पाहिजे, म्हणजे मजुरी नाही, बघायचं काम. नुसतं "बघ" म्हणलं की लेकरू अर्ध्या तासात मोबाईल काढतं.

उदाहरण सांगते. औशाकडची अकरावीची एक मुलगी खरेदीवाल्या काकांसोबत होती. काका परखीनं पोत्यातून चार दाणे काढायचे, एक दाताखाली धरायचे, कट्टकन फुटला की वाळलेला, चिवट लागला, दातात दबला की ओल. मग ओल किती टक्के ते बोलायचे, "साडेअकरा", "हा चौदाच्या पुढं". मी तिला वहीत तीन रकाने करायला सांगितलं होतं: तिचा अंदाज, काकांचा अंदाज, ओल मोजायचा मॉइश्चर मीटर काय म्हणतो. मीटर सगळ्यात शेवटी. पहिल्या पाच नमुन्यांत ती तीन-चार टक्क्यांनी चुकत होती, काका अर्ध्या टक्क्यात. अकराव्या नमुन्याला ती दाणा चावून थांबली, परत एक चावला, म्हणाली "काका, ह्यातला एक कडक आहे आणि एक मऊ". काकांनी पोतं पूर्ण ओतायला लावलं. दोन शेतातला माल मिसळलेला होता, वर वाळलेला, खाली ओला. काका तिला काही बोलले नाहीत, पुढचं पोतं तिच्यापुढं सरकवलं आणि म्हणाले, "तू आधी सांग". दुपारपर्यंत तिचा अंदाज मीटरच्या एक टक्क्याच्या आत यायला लागला होता. ती वही तिनं घरी नेली, झेरॉक्स माझ्याकडं आहे.

असंच काम प्रत्येक जागी शोधता येतं. माझ्यासोबत जो असतो त्याला मी आलेले फोन लिहायला लावते, कोणाचा, कशाला, मी काय ठरवलं. एका मुलानं दिवसाअखेर विचारलं, सगळे गिऱ्हाईक 30 किलोचाच कट्टा का मागतात? मग त्याला सांगितलं की जुलै 2022 पासून 25 किलोपर्यंतच्या पॅक करून लेबल लावलेल्या डाळीवर 5 टक्के जीएसटी बसला, म्हणून त्याच्या वरचा कट्टा चालायला लागला. कर हा विषय त्याला पुस्तकात कधी कळला नव्हता, कट्ट्यावर कळला.

जेवण माणसांसोबत, ऑफिसात वेगळं टेबल लावून नाही. भाकरी, पिठलं, ठेचा, जे असेल ते. जेवताना जे बोलणं होतं ते दिवसभरात होत नाही. तिथंच लेकरं विचारतात की पगार किती, पाठ दुखत नाही का, तुमच्या पोराला इथं आणणार का. मामा लोक खरं उत्तर देतात, तुम्ही मधी पडू नका. एका मामांनी सांगितलं की माझ्या पोराला मी हमालीत येऊ देणार नाही, पण मुकादमाचा हिशोब शिकला तर येऊ देईन. हे ऐकायलाच तर लेकरू आलंय.

कंटाळवाणं काम लपवू नका. बिल तपासणं, पावत्या लावणं, गाडीची वाट बघत तासभर बसणं, हे पण दाखवा. माणूस चुकला, भांडण झालं, लाईट गेली आणि सगळं थांबलं, तरी लेकराला बाहेर पाठवू नका, धोका नसला तर राहू द्या. फक्त एक अट, शिव्या. आमच्याकडं त्या दिवसापुरत्या बंद, आणि खरं सांगते, तिसऱ्या वर्षापासून बाकीच्या दिवशीही बऱ्याच कमी झाल्यात.

साडेतीनला थांबवायचं. लेकरं दमतात, दमलेलं लेकरू रेघ विसरतं. मग अर्धा तास सगळे मिळून बसतो, ते आणि ज्यांच्यासोबत होते ते. मी तीनच प्रश्न विचारते: आज काय बघून आश्चर्य वाटलं? कोणतं काम तुला अजिबात करावंसं वाटणार नाही? तुझ्या माणसानं आज कोणतं एक ठरवलं आणि ते कशावरून? तिसऱ्याचं उत्तर आलं नाही तर समजायचं की लेकरानं नुसतं बघितलं, आणि मग मी त्या माणसाला सांगते, आता तुम्हीच एक सांगा. शेवटची एसटी किती वाजता ते सकाळीच लिहून घेतलेलं असतं, त्याच्या एक तास आधी सोडतो, आणि घरी पोचल्याचा मेसेज शिक्षकांनी मला द्यायचा, लेकरानं नाही.

दुसऱ्या कामाच्या जागी काय बदलेल

दवाखाना किंवा लॅब असेल तर पेशंटची परवानगी आणि गुप्तता सगळ्यात आधी, रिपोर्टवरचं नाव झाकूनच दाखवायचं, तपासणीच्या खोलीत लेकरू नको. सीए किंवा वकिलाच्या ऑफिसात गिऱ्हाइकाच्या फायली उघड्या ठेवू नका, जुन्या, नावं काढलेल्या फायली वेगळ्या काढून ठेवा. गॅरेजमध्ये जॅकवर चढवलेल्या गाडीखाली कोणी जायचं नाही. जालन्याकडं बियाण्याचं काम असेल तर औषध लावलेलं बी हाताळू देऊ नका. वाळूजला मशीन शॉप असेल तर गॉगल सक्तीचा, आणि बारीक माप घ्यायचं व्हर्नियर हातात द्या, स्वतः मोजू द्या, त्यासारखं बघायचं काम नाही. पैठणला मागावर तर एक वीण स्वतः बघून मोजायला लावली तरी दिवस पुरत नाही. एकट्यानं काम करणारा माणूस असेल, शिंपी, टायपिंगवाला, तरी चालतं, फक्त दार उघडं आणि घरातलं किंवा शेजारचं दुसरं कोणी तरी हजर पाहिजे.

नंतरचं

सर्टिफिकेट द्यायचं तर साधं द्या, पण त्यावर "उत्तम कामगिरी" वगैरे छापील वाक्य नको, लेकरानं त्या दिवशी नेमकं काय केलं ते हातानं एक ओळ लिहा, "पंधरा नमुन्यांची ओल तपासली". आमच्या माणसांना पण मी एक चिठ्ठी देते, लेकरानं त्यांच्याबद्दल जे लिहिलं त्याची झेरॉक्स. खरेदीवाले काका जे पहिल्यांदा नाही म्हणाले होते, ते आता डिसेंबर आला की स्वतः विचारतात, ह्या वर्षी कधी.

त्याच संध्याकाळी एका वहीत लिहून ठेवा, काय अडलं. कुठं रेघ पुसली, कोणाला प्रश्नांचा त्रास झाला, कोणतं लेकरू कुठं एकटं राहिलं. पुढच्या वर्षी सगळं विसरलेलं असतं, वही उपयोगी पडते.

आठ दिवसांनी शाळेत फोन करून विचारा. मागच्या खेपेला एका मुलानं सरांना सांगितलं की मिल आवडली नाही, आवाज सहन झाला नाही, दिवसभर डोकं दुखलं, पण ऑफिसात मॅडम जो स्टॉकचा हिशोब जुळवत होत्या तो बघायला आवडला. ओळखीच्या एका सीएंना मी विचारलं, ते तयार झाले, सरांनी परत घरच्यांची सही घेतली आणि त्याला तिकडं पाठवलं. एका दिवसासाठी गेला होता, तिथं चार दिवस राहिला.